पायात दिलेलं जीनचं इंजेक्शन पोहोचलं का, हे बघता येतं का?

राजेंद्रनगरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे थोरले काका, वय ६९. साखर २२ वर्षांपासून, बिडी सोडून चार वर्षं झाली. इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या घरापासून दुधाचं दुकान जेमतेम तीनशे पावलांवर. दिवाळीपासून बघत होते, काका वाटेत थांबायचे. कधी किराणा दुकानाच्या पाटीसमोर, कधी विजेच्या खांबाला टेकून, कधी कुणाच्या ओटल्यावर. विचारलं की म्हणायचे, "अगं, जाहिरात वाचत होतो." पोटरीत गोळा येतो आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, हे त्यांनी फेब्रुवारीत कबूल केलं, तेही डाव्या अंगठ्याच्या कडेची जखम तीन आठवडे भरेना तेव्हा. काकूला मात्र आधीच कळलं होतं. ती रोज रात्री त्यांच्या पायांना तेल लावते. म्हणाली, "डावा तळवा गार लागतो गं. उजवा नाही लागत."

डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, झालं. डाव्या मांडीतली मोठी धमनी गुडघ्याच्या वर बंद आहे, खालच्या दोन बारीक आहेत. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून जो आकडा काढतात, तो एबीआय डावीकडे ०.४४ आला.

कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो (नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका). तिथे सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही, "नव्या रक्तवाहिन्या उगवणारी जीन थेरपी" आहे, पोटरीत चार वेळा इंजेक्शनं, अडीच लाख. मी एकच विचारलं. इंजेक्शन पोटरीत दिल्यावर ते जिथे जायला हवं तिथे गेलं का, आणि तिथे जीन चालू झाला का, हे कशात दिसेल? उत्तर आलं, "दोन महिन्यांनी फरक कळेलच." काकांच्या अंगठ्याकडे दोन महिने आहेत का, हे कुणी बोललं नाही.

घरी आल्यापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. कुरिअर गेलं की त्याचं ठिकाण फोनवर दिसतं, मग शरीरात टाकलेलं जनुक का दिसू नये? जाणकारांनी सांगावं.

---

जुना_इंदुरी

ताई, काकांना आराम पडो. महत्त्वाचा धागा. वाचनखूण साठवली.

---

मूळ_रामबाग

मी रामबागचा, आता परदेशात एका प्रयोगशाळेत प्राण्यांच्या इमेजिंगवर काम करतो. तुम्ही क्लिनिकमध्ये विचारलेला प्रश्न या क्षेत्रातला फार जुना आणि फार मोठा प्रश्न आहे. सविस्तर लिहितो.

आधी थोडा इतिहास. रक्तवाहिन्यांना फुटवे आणणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन आहे. त्याचं जनुक पायाच्या धमनीत देण्याचा पहिला प्रयोग बॉस्टनमध्ये जेफ्री इस्नर यांच्या गटाने १९९४ मध्ये केला. त्यातल्या ७१ वर्षांच्या एका बाईंचा अहवाल १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जनुक धमनीत सरकवलेल्या फुग्यावरच्या लेपातून धमनीच्या भिंतीला लावलं होतं. चार आठवड्यांनी अँजिओग्राफीत गुडघा, नडगी आणि घोट्याजवळ बारीक आडवाटा, म्हणजे बंद धमनीला वळसा घालणाऱ्या वाहिन्या, वाढलेल्या दिसल्या. त्याच पायावर कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल ठिपके उठले आणि पायाला सूज आली. जनुक काम करतंय हे त्या वेळी असं कळलं, कातडीवरच्या ठिपक्यांवरून.

नंतर स्नायूत थेट इंजेक्शन देण्याची पद्धत रूढ झाली, कारण सोपी. १९९० मध्ये उंदरांवर दिसलं होतं की नुसता उघडा डीएनए स्नायूत टोचला तरी थोड्या पेशी तो आत घेतात. अडचण त्या "थोड्या"तच आहे. बहुतेक डीएनए पेशीबाहेरच तुटतो. द्रव स्नायूच्या पडद्यांमधल्या फटींतून घसरतो, कधी सुईच्याच वाटेने परत बाहेर येतो. रक्त कमी मिळालेला स्नायू जागोजागी सुकलेला, चिवट झालेला असतो, त्यात द्रव कसा पसरेल याचा भरवसा नाही. डॉक्टरांना दिसते ती फक्त सिरिंज रिकामी झालेली.

आता "बघणं" म्हणजे नेमकं काय. माल कुठे पडला हे बघणं वेगळं, पेशीच्या आत जाऊन जनुक चालू झालं का हे बघणं वेगळं, आणि त्यामुळे रक्त वाढलं का हे आणखी वेगळं. तुमच्या कुरिअरच्या भाषेत, खोका गल्लीत आला, घरात उघडला, आणि आतली वस्तू वापरात आली. फोनवर दिसतं ते फक्त पहिलं.

पहिलं त्यातल्या त्यात सोपं. जनुकाच्या द्रावात गॅडोलिनियम हे एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य मिसळलं की एमआरआयमध्ये द्रव किती आणि कुठे पसरला ते दिसतं. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बांधले तर तिथे काळा डाग दिसतो. पण डाग कणांचा असतो. डीएनए तुटून गेला तरी कण तिथेच राहतात, आणि रोगप्रतिकारक पेशी ते कण गिळतात. शिवाय स्नायूत रक्त साकळलं असेल तर तेही एमआरआयवर तसंच काळं दिसतं. फसायला होतं, आम्ही स्वतः फसलो आहोत.

दुसऱ्यासाठी खबऱ्या जनुक लागतं, म्हणजे उपचाराच्या जनुकाला जोडून दिलेलं दुसरं जनुक, जे चालू झालं की बाहेरून ओळखू येतं. बाकीचं उद्या लिहितो, इथे पहाट झालीय.

---

कॅटकर

मूळ_रामबाग, छान लिहिताय. एक भर घालतो. मी निवृत्त, आयुष्य कॅटमध्ये, म्हणजे इंदूरच्या सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीत, लेझरवर गेलं.

उंदरांत खबऱ्या म्हणून काजव्याचं ल्युसिफरेज, म्हणजे त्याला चमकवणारं प्रथिन, वापरतात. जनुक चालू झालं आणि वरून त्याचं इंधन, ल्युसिफेरिन, टोचलं की उंदराच्या पायातून प्रकाश येतो, आणि अंधाऱ्या पेटीतला कॅमेरा तो टिपतो. चित्र फार सुंदर दिसतं, म्हणून बातम्यांत नेहमी तेच छापतात. माणसात ते का चालत नाही हे घरी बघता येईल. रात्री दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च मुठीत धरा. टॉर्च पांढरा, पण बोटांतून बाहेर येतो तो लाल. हिरवा आणि निळा रक्तातल्या हिमोग्लोबिननेच शोषला. आता टॉर्च पोटरीच्या मागे धरून समोरून बघा. काही दिसत नाही. ल्युसिफरेजचा प्रकाश टॉर्चच्या मानाने काहीच नाही आणि तोही आतून, चहूकडे विखुरत यायचा. उंदराची मांडी एक-दीड सेंटिमीटर, माणसाची पोटरी दहा-बारा. कुणी तशी चमकती चित्रं दाखवून इलाज विकत असेल तर ती उंदराची आहेत हे ध्यानात ठेवा.

---

गॅमा_कॅमेरा

मी इंदुरातच न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. सोडियम आयोडाइड सिम्पोर्टर, म्हणजे एनआयएस, नावाच्या खबऱ्याबद्दल (पेशीत आयोडाइड ओढून घेणारा पंपच तो) लिहायचं होतं, कारण तो आमच्या रोजच्या कामात न बोलावता दिसतो.

थायरॉइड स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एमचं परटेक्नेटेट हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतो, हा पंप तेही आत ओढतो. पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर गळ्यात फुलपाखरू उमटतं, कारण थायरॉइडच्या पेशींवर हा पंप जन्मजात असतो. जबड्याखालच्या लाळग्रंथी आणि जठरही उजळतात, तिथेही तोच पंप. पोटरी मात्र काळी, तिथे पंप नाही.

आता पोटरीच्या स्नायूत उपचाराच्या जनुकाबरोबर या पंपाचं जनुक दिलं तर? चालू झालं तर पोटरीत ठिपका उमटेल, नाही झालं तर पोटरी काळीच. मेलेली पेशी पंप चालवत नाही, म्हणजे ठिपका खोटं बोलत नाही. पंप माणसाचाच, त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, दोन दिवसांत सगळं संपतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघता येतं. आणि ही वस्तू आमच्याकडे रोज सकाळी तयार असते. प्राण्यांत हे झालंय, माणसांत प्रोस्टेट कर्करोगाच्या जनुकोपचारात झालंय. पायाच्या आजारात कुठल्याही क्लिनिकमध्ये हे नेमाने होत नाही, म्हणून तुमच्या त्या क्लिनिकवाल्यांकडे उत्तर नव्हतं. पण "असं काही नसतं" म्हणणंही खरं नाही.

---

मूळ_रामबाग

गॅमा_कॅमेरा, माझं काम हलकं केलंत. "पोटरी मात्र काळी" हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

दुसरा मोठा खबऱ्या म्हणजे नागिणीच्या जातीच्या विषाणूचं थायमिडीन कायनेज. ते फ्लोरिन-१८ लावलेल्या एका रेणूला पेशीतच अडकवून ठेवतं आणि पेट (PET) स्कॅनमध्ये ती जागा चमकते. २००५ मध्ये स्पेनच्या पॅम्प्लोना इथल्या गटाने यकृताच्या कर्करोगाच्या सात रुग्णांत हे केलं. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूची मात्रा एका पातळीच्या वर गेली तेव्हाच जनुक चालू झालेलं दिसलं. आणि नऊ दिवसांनी तेच स्कॅन पुन्हा केलं तर काहीच दिसलं नाही, जनुक बंद. विचार करा, हे बघितलंच नसतं तर औषध निकामी म्हणून निकाल लागला असता. मात्रा कमी पडली की वेळ कमी पडला, हे कधी कळलंच नसतं.

पायाच्या चाचण्यांत नेमकं हेच झालंय असं मला वाटतं. एफजीएफ-१ हे फुटवे आणणारं आणखी एक प्रथिन; त्याचं जनुक असलेल्या प्लास्मिडची, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्याची, टामॅरिस चाचणी, ३० देश, ५२५ रुग्ण, निकाल २०११ मध्ये. सहा आठवड्यांत चार वेळा, दर वेळी आठ इंजेक्शनं. पाय कापणं किंवा मृत्यू यांत काहीही फरक नाही. त्याआधीच्या छोट्या चाचणीत फरक दिसला होता. मग मोठ्या चाचणीत गेला कुठे? कुणाच्या पोटरीत किती जनुक चालू झालं याची एकेका रुग्णाची नोंद असती तर निदान विचारता आलं असतं की ज्यांच्यात चालू झालं त्यांचं काय झालं.

अल्ट्रासाउंडची वाट मला फार आशेची वाटते. एक ते दहा मायक्रॉनचे चरबीच्या वेष्टणातले वायूचे बुडबुडे, वेष्टणावर डीएनए चिकटवलेला. शिरेतून सोडले की सोनोग्राफीवर रक्ताबरोबर वाहताना चमकतात, म्हणजे पोटरीत रक्त कुठे पोहोचतंय तेही कळतं. मग पोटरीवरून जोराचा पल्स दिला की ते तिथेच फुटतात आणि वाहिनीच्या भिंतीत क्षणभर भोकं पडतात, त्यांतून डीएनए आत. पोहोचवणं आणि बघणं एकाच यंत्राने. उंदरांच्या मागच्या पायात व्हीईजीएफ असं देऊन रक्तप्रवाह सुधारलेला दिसलाय.

---

धमनी

मी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा, सर्जन आहे. चर्चा उत्तम चाललीय, पण थोडा विरोध नोंदवतो.

टामॅरिसबद्दल. ज्यांचा पाय कापायचं आधीच ठरलं होतं अशा रुग्णांना ते प्लास्मिड आधी टोचून, नंतर कापलेल्या पायाचे स्नायू तपासले गेले होते. जनुक आणि त्याचं प्रथिन दोन्ही सापडले, सुईच्या जागेजवळ जास्त, दूर जाता कमी. म्हणजे "पोहोचलंच नाही" असं सरसकट म्हणता येत नाही. पोहोचूनही उपयोग झाला नाही, ही शक्यता पचवावी लागेल. एकटं एक प्रथिन फुटवे आणतं, पण पायाला हवी असते रुंद, टिकाऊ, स्नायूचं अस्तर असलेली वाहिनी. व्हीईजीएफचे फुटवे गळके असतात, म्हणून तर सूज येते.

जपानने एचजीएफ या तशाच आणखी एका प्रथिनाच्या प्लास्मिडला २०१९ मध्ये सशर्त, मुदतीची परवानगी दिली होती. पुढच्या अभ्यासात आधीचा फायदा पुन्हा दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने कायम परवानगीचा अर्ज मागे घेतला. रशियात व्हीईजीएफचं एक प्लास्मिड २०११ पासून नोंदलेलं आहे. भारतात २०१६ मध्ये बर्जर रोगासाठी (तंबाखूमुळे हातापायांच्या वाहिन्या बंद होतात तो) मर्यादित परवानगी मिळाली ती पेशींच्या उपचाराला, जीन थेरपीला नव्हे. दोन्हींची गल्लत करून विकलं जातं.

ताई, तुम्हाला थेट सांगतो. जखम आहे आणि ०.४४ आहे, म्हणजे हा नुसता चालताना दुखण्याचा टप्पा राहिलेला नाही. आणि साखरेच्या रुग्णांत धमन्या कॅल्शियमने कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, त्यामुळे एबीआय असतो त्यापेक्षा चांगला दिसतो. खरा आकडा याहून वाईट असू शकतो. अंगठ्याचा रक्तदाब आणि कातडीतला ऑक्सिजन मोजून घ्या. ऑक्सिजनचा दाब ३० मि.मी. पाऱ्याच्या खाली असेल तर जखम आपसूक भरणं अवघड. मांडीतली धमनी फुग्याने किंवा बायपासने उघडता येते का हे या आठवड्यात ठरवा.

---

मूळ_रामबाग

डॉक्टरसाहेब, तुमचा मुद्दा मान्य. पण बघा, जनुक पोहोचलं का हे कळायला पाय कापावा लागला! ज्यांचा पाय वाचला त्यांच्यात काय झालं हे तसंच अंधारात राहिलं. इमेजिंग हवं ते यासाठीच, जिवंत पायात, त्याच माणसात, पुन्हा पुन्हा बघायला. त्यातून उपाय खोटा ठरला तरी चालेल, निदान पुढचे पाचशे रुग्ण त्याच वाटेने जाणार नाहीत.

---

धमनी

हे मात्र पटलं. आणि निकाल मोजण्याबाबतही तुमच्याशी सहमत. बारीक आडवाटा वाढल्या तरी एबीआय हलत नाही, अँजिओग्राफीत त्या धड दिसत नाहीत. नव्या चाचणीत स्नायूतलं रक्तच मोजायला हवं. एमआरआयमध्ये आता बाहेरचं द्रव्य न देता, धमनीतल्या रक्तालाच चुंबकीय खूण करून मोजता येतं. आमच्या निम्म्या रुग्णांच्या किडन्या साखरेने थकलेल्या, त्यांना गॅडोलिनियम देताना हात आखडतो.

---

सराफ्यातला

मी शास्त्रातला नाही. डाव्या पायाची दोन बोटं २०१८ साली गेली. एकच सांगतो, बहिणी, काकांना बिडीची तलफ पुन्हा येईल. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला आली होती. त्या दिवशी कुणीतरी त्यांच्याजवळ बसा. आणि चप्पल घालण्याआधी रोज आत हात घालून बघा. माझी जखम एका खड्याने झाली, मला तो टोचलाच नाही.

---

राजेंद्रनगरची (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. सराफ्यातला दादा, तुमचा प्रतिसाद काकूला वाचून दाखवला, ती डोळे पुसत होती.

'धमनी' यांचं वाचून दुसऱ्याच दिवशी काकांना घेऊन गेलो. त्या डॉक्टरांनी अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि रंग परत येईपर्यंत मोजत राहिले. मीही मनात मोजले, सात झाले. उजव्याला दोन. मग पेनासारखं डॉप्लर घोट्याला लावलं. उजवीकडे सूंऽ-फट्, सूंऽ-फट् असा ठसठशीत आवाज, डावीकडे लांबून वारा यावा तसा. कातडीतला ऑक्सिजन २४. फुग्याने उघडायचं ठरलं.

त्या क्लिनिकमधून पुन्हा फोन आला, "स्लॉट जातोय." मी विचारलं, ही चाचणी आहे की मान्य औषध? चाचणी असेल तर भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, सीटीआरआयचा नंबर द्या, आणि मग पैसे कसले घेता? मान्य औषध असेल तर परवानगीचा कागद दाखवा. नवीन औषधं आणि चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत जीन थेरपीचं उत्पादन हे नवीन औषधच धरलं जातं, परवानगीशिवाय देता येत नाही. फोन ठेवला त्यांनी. मला रागापेक्षा वाईट या गोष्टीचं वाटलं की इकडे मूळ_रामबागसारखी माणसं एकेक ठिपका खरा की खोटा म्हणून रात्री जागवताहेत, आणि त्यांच्याच शब्दांची पाटी लावून कुणी आमच्यासारख्या घाबरलेल्या घरांकडून अडीच लाख मागतंय.

---

गॅमा_कॅमेरा

सीटीआरआयचं बरं झालं लिहिलंत. २००९ पासून चाचणीची नोंद बंधनकारक आहे आणि ती साइट कुणालाही उघडता येते. कुणी "ट्रायल" म्हणालं की आधी तिथे औषधाच्या नावाने शोधा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, जनुकोपचाराची मार्गदर्शक तत्त्वंही २०१९ ची आहेत.

---

जुना_इंदुरी

काकांचं काय झालं? कळवा.

---

राजेंद्रनगरची (धागाकर्ती)

उशिरा लिहितेय, धावपळ होती. बुधवारी झालं. आत टेबलावर डॉक्टरांनी काकांना पडदा दाखवला. काळी रेघ मांडीत मध्येच तुटलेली, आणि फुगा फुगवल्यावर तीच रेघ गुडघ्याखाली सरकत गेली. काका घरी येऊन सगळ्यांना हाताने हवेत ती रेघ काढून दाखवताहेत. घोट्याखालची एक धमनी मात्र उघडली नाही, तिचं नंतर बघू म्हणाले. ऑक्सिजन आता ३८. जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्यात, रोज ड्रेसिंग चालू आहे. तलफ चौथ्या दिवशी आली, आम्ही दोघी जवळ बसलो होतो.

मूळ_रामबाग, काकांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय: तुमचे ते बुडबुडे माणसांच्या पायावर येतील तेव्हा, उरलेल्या त्या एका धमनीसाठी, चाचणीत ७० च्या वरच्यांना घेतात का?

काकू अजून रोज रात्री दोन्ही तळव्यांना हात लावून बघते. काल म्हणाली, "डावा अजून थोडा गारच आहे."

---

मूळ_रामबाग

काकांना नमस्कार सांगा. वयाची अट त्या त्या चाचणीच्या कागदात लिहिलेली असते. किडनीचे आणि हृदयाचे रिपोर्ट नीट जपून ठेवा, आधी तेच मागतात. आणि काकूंना म्हणावं, रोजचं बघणं चालू ठेवा, तारीख घालून वहीत लिहा.